बरणी क्रमांक सात

आजव्याचं पाणी नळातून येतं तेव्हा त्याला
औषधाचा वास असतो.
दोन दिवस उघड्या बादलीत ठेवायचं,
वर मलमलीचं फडकं.
तोवर घाई करायची नाही.
हे पहिलं. गुप्ते मॅडमनी सांगितलेलं.
बादली भरताना मी अजून पुटपुटते.

दुसरं : यीस्ट चिमटीत मावतं त्याच्याही अर्धं.
पाणी दुधाळ दिसलं की समजायचं
आपला हात सैल सुटला.
पाणपिसवा उपाशी फारशा मरत नाहीत,
लाडानं मरतात.

तिसरं मॅडमनी सांगितलं नव्हतं.

कमाटीबागेतल्या कमळाच्या हौदातून
अठ्ठ्याऐंशी साली चहाच्या गाळणीनं त्यांनी एक उचलली. एकच.
ती बाई होती. तिला मुली झाल्या,
मुलींना मुली, बाप कुणालाच नाही,
कुणी विचारलंही नाही.
दहा दिवसांची एक पिढी धरली तर
हजारावर पिढ्या झाल्या या खोलीत,
लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये.
मॅडम आता मुलाकडे कॅनडात असतात.
दिवाळीला फोन येतो, माझी तब्येत नंतर,
आधी : 'पोरी कशा आहेत?'

उत्तरायणाच्या दिवशी फाटकावर भीखाभाई म्हणाला,
'आजे पण, बेन?'
आणि किल्लीबरोबर तिळाची चिक्की दिली.
सगळं बडोदं गच्चीवर होतं.
स्पीकर, उंधियू, कुठून तरी 'काप्यो छे!'
आणि मागच्या खोलीत
मी दार उघडण्याआधीच वास आला.

एक ते सहा, पांढरं पाणी.
तळाशी रवा सांडल्यासारख्या.
टेबलावर हेतलची चिठ्ठी, गोल गोल अक्षरात :
'बेन, तीन दिवस सुट्टी आहे
म्हणून तिप्पट खायला घातलंय. चिंता नको.'
खाली हसरा चेहरा काढलेला.

मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.
सहाही बरण्या मोरीत ओतल्या,
जाळीवर थांबलं ते पुसून काढलं,
साबण लावला नाही. साबण त्यांना कधीच चालत नाही,
मेल्यावरही हात तो नियम पाळत होता.

मग कपाट सरकवलं, झाडू घालायला.
मागे सात नंबर.
चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात ऑगस्टची तारीख.
पाणी आटून निम्मं, काचेवर शेवाळाची रेघ,
चार महिने तिला कुणी काही दिलेलं नाही.
खिडकीशी धरली.
हलल्या.
झटका, थांबणं, झटका,
जिना चढता चढता कुणी उचकी द्यावी तसं.

भिंगाखाली घेतली एक.
पाठीमागं काळीज चाललेलं, मोजता येणार नाही इतकं भराभर,
आणि त्यावर काळसर खोगीर.
अशी अंडी ती सुखात घालत नाही.
ही सुकतात, गोठतात, वर्षानुवर्षं पडून राहतात
आणि पाणी मिळालं की उठतात.
शेजारून काहीतरी बारकं, चोंबडं पोहत गेलं.
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
आमच्या घरात पुरुषमाणूस.

मी एकटीच हसले. वर कुणाचा तरी पतंग कापला गेला,
मांजा खिडकीच्या गजात अडकून थरथरत राहिला.

संध्याकाळी हेतलचा फोन. मागे ढोल.
'बेन, खाल्लं ना त्यांनी सगळं?'
'हो,' म्हटलं, 'सगळं.'
सोमवारी सांगेन. शेजारी बसवून,
चिमटीचं माप तिच्या बोटांत घालून.

बादली भरून ठेवली. सोळा तारखेला पाणी तयार होईल.
सहा बरण्या उपड्या, नव्या पट्ट्या, नव्या तारखा.
सातवीत थोडंसं पाणी घालावंसं वाटलं,
हात अर्ध्यावर गेला होता.
मग तिला होती तशीच
कपाटामागे ठेवली
आणि वहीत तिची नोंद केली नाही.